बसलेला हात आणि बदललेला पडदा : कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या पुनर्रचनेचा व वापरकर्त्यांच्या नाराजीचा इतिहास

प्रस्तावना

३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ ही आवृत्ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट या प्रणालींच्या माथ्यावर वर्षानुवर्षे असलेली मेनूंची ओळ या आवृत्तीत दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी 'रिबन' या नावाने ओळखला जाणारा रुंद, चित्रमय पट्टा आला. जुना मेनू परत आणण्याची सोय प्रणालीत ठेवलेली नव्हती. ज्यांनी वर्ड कधीच वापरले नव्हते त्यांना हा बदल जाणवण्याचे कारण नव्हते. मात्र ज्यांचा हात त्या कामावर बसलेला होता, अशा अनुभवी वापरकर्त्यांवर नित्याच्या आज्ञा पडद्यावर शोधत बसण्याची वेळ आली आणि जगभर मोठी नाराजी व्यक्त झाली.

या नाराजीचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, ते म्हणजे माणूस स्वभावतः बदलाला विरोध करतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कार्यालयीन सॉफ्टवेअरचा १९७८ पासूनचा इतिहास पाहिला असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, वापरकर्त्याने कमावलेले हस्तकौशल्य ही त्याची गुंतवणूक असते आणि मांडणी बदलली की तिचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. दुसरी अशी की, अशी नाराजी प्रत्येक टप्प्यावर निर्माण झाली असली तरी उत्पादकाने तिला दिलेले वजन वापरकर्त्यासमोर किती पर्याय होते यावर अवलंबून राहिले. या दोन विधानांच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

कळांचे युग : वर्डस्टारचा धडा

मायक्रोप्रो इंटरनॅशनल या कंपनीने १९७८ मध्ये वर्डस्टार हा वर्ड प्रोसेसर बाजारात आणला. सेमूर रुबिनस्टाइन हे कंपनीचे संस्थापक होते आणि प्रणालीचे लेखन रॉब बार्नाबी यांनी केले होते. त्या काळातील अनेक संगणकांच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नसत. माऊसचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून वर्डस्टारने कंट्रोल या कळीच्या जोडीने नेहमीच्या अक्षरांनाच आज्ञांचे काम दिले. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे आणि डी उजवीकडे, अशी डाव्या हाताखाली चौकटीच्या आकाराची रचना त्यात होती. मजकुराचा तुकडा निवडणे, हलवणे किंवा फाइल जतन करणे यांसाठी 'कंट्रोल-के' या जोडीनंतर आणखी एक अक्षर दाबावे लागे. नवशिक्याला ही रचना दुर्बोध वाटे. परंतु एकदा हात बसला की टंकलेखकाला मूळ ओळीवरून बोटे उचलावी लागत नसत. आज्ञा डोक्यात आठवण्याऐवजी बोटांतूनच उमटत. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या टर्बो पास्कलच्या संपादकातही याच कळा स्वीकारल्या गेल्या, यावरून त्यांचा प्रसार लक्षात येतो.

पुढे मायक्रोप्रोने वर्डस्टार २००० या नावाने नवी प्रणाली तयार केली. तिच्यात सुविधा अधिक होत्या, पण आज्ञांची रचना बदललेली होती आणि फाइलींचे स्वरूपही जुन्याशी जुळणारे नव्हते. ज्या ग्राहकांच्या बळावर कंपनी उभी होती त्यांना आता सर्व काही नव्याने शिकणे भाग होते. नव्यानेच शिकायचे तर ते याच कंपनीचे का शिकावे, असा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक होते. वर्डपरफेक्टसारखे सक्षम प्रतिस्पर्धी बाजारात होतेच. परिणामी नवी प्रणाली जुनीची जागा घेऊ शकली नाही. दरम्यान कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांनी जुन्या वर्डस्टारच्या धर्तीवर न्यूवर्ड नावाचा वर्ड प्रोसेसर तयार केला होता. अखेर मायक्रोप्रोने तो विकत घेतला आणि त्याच्या पायावर १९८७ मध्ये वर्डस्टारची चौथी आवृत्ती काढली. आपल्याच ग्राहकांच्या हातातील वळण परत मिळवण्यासाठी कंपनीला ते बाहेरून विकत घ्यावे लागले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. तोपर्यंत बाजारातील अग्रस्थान मात्र हातचे गेले होते.

ही चौथी आवृत्ती किती टिकाऊ ठरली याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन. आपण आजही डॉस प्रणालीवर वर्डस्टारच्या चौथ्या आवृत्तीतच लेखन करतो, असे त्यांनी २०१४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले. ही केवळ लेखकाची लहर म्हणून सोडून देता येत नाही. विकत घेतलेली प्रणाली आपल्या संगणकावर आहे आणि तिला कोणी बदलू शकत नाही, ही त्या काळातील परिस्थिती त्यामागे आहे. या मुद्द्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

कौशल्य कोणाच्या मालकीचे? लोटस विरुद्ध बोरलँड

कळांच्या आणि मेनूंच्या रचनेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयांतही गेला. लोटस १-२-३ ही स्प्रेडशीट प्रणाली जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आली. तिरप्या रेघेची कळ दाबली की आज्ञांची ओळ उघडे आणि आज्ञांच्या आद्याक्षरांनी पुढचे काम होई. हिशेबनीसांनी या कळा आत्मसात केल्या. इतकेच नव्हे, तर त्याच क्रमावर आधारलेली स्वयंचलित आज्ञापत्रे, म्हणजे मॅक्रो, लिहून ठेवली. बोरलँडने आपली क्वाट्रो प्रो ही प्रतिस्पर्धी प्रणाली आणली, तेव्हा तिच्या स्वतःच्या मेनूबरोबरच लोटसच्या मेनूचाही पर्याय दिला. लोटसवर हात बसलेल्या माणसाला नव्या प्रणालीत पहिल्या दिवसापासून काम करता यावे, हा त्यामागील हेतू होता. लोटसने १९९० मध्ये दावा दाखल केला. मेनूतील ४६९ आज्ञांची मांडणी ही आपली साहित्यकृती असून तिच्यावर आपला स्वामित्वहक्क आहे, अशी तिची भूमिका होती.

कनिष्ठ न्यायालयाने लोटसच्या बाजूने निर्णय दिला. मात्र ९ मार्च १९९५ रोजी अपील न्यायालयाने तो फिरवला. मेनूची रचना ही यंत्र चालवण्याची पद्धत असून तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी समसमान विभागली गेली आणि अपील न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

या खटल्यात न्यायमूर्ती मायकेल बूडिन यांनी स्वतंत्रपणे नोंदवलेले सहमतीचे मत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कळफलकाच्या रचनेवर एखाद्याची मक्तेदारी असेल, तर ती रचना शिकलेला प्रत्येक टंकलेखक त्याचा बंदिवान होईल. लोटसचा मेनू शिकलेल्या वापरकर्त्याची स्थितीही तशीच होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. मेनू शिकण्यासाठी कष्ट वापरकर्त्याने घेतलेले असतात, ही गोष्ट येथे स्पष्टपणे विचारात घेतली गेली. अर्थात या निर्णयाने एवढेच ठरले की, दुसऱ्या उत्पादकाला वापरकर्त्याच्या जुन्या कौशल्याचे स्वागत करता येईल. मूळ उत्पादकाने ते कौशल्य जपलेच पाहिजे, असे बंधन कोणावरही आले नाही.

या स्वागताचा सर्वांत मोठा लाभ मायक्रोसॉफ्टने घेतला, असे दिसते. विंडोजसाठीची एक्सेल १९८७ मध्ये आणि वर्ड १९८९ मध्ये आली, तेव्हा मायक्रोसॉफ्ट या क्षेत्रातील आव्हानवीर होती. एक्सेलमध्ये तिरप्या रेघेची कळ मेनू उघडत असे आणि लोटसच्या वापरकर्त्यांसाठी खास मदतीची सोय होती. वर्डमध्ये वर्डपरफेक्टच्या वापरकर्त्यांसाठी तशीच सोय होती. वर्डपरफेक्टचे वापरकर्ते कळफलकावरील फंक्शन कळांभोवती आज्ञांची छापील पट्टी बसवून काम करत. एफ-३ ही मदतीची आणि एफ-७ ही बाहेर पडण्याची कळ त्यांना पाठ असे. अशा माणसाला परक्या घरी आल्यासारखे वाटू नये, याची काळजी नव्या कंपनीने घेतली. ज्याला दुसऱ्याचे ग्राहक मिळवायचे असतात त्याला त्या ग्राहकांच्या हाताचे वळण जपावे लागते, हे या काळात सिद्ध झाले.

मेनूचा अलिखित करार

आय.बी.एम.ने १९८७ मध्ये 'कॉमन यूजर ॲक्सेस' या नावाने मांडणीचे नियम प्रसिद्ध केले. एफ-१ म्हणजे मदत, आल्ट म्हणजे मेनूकडे जाण्याची वाट, असे अनेक संकेत त्यातून रूढ झाले. ॲपलच्या लिसा व मॅकिंटॉश या संगणकांनी खाली उघडणारा मेनू आधीच लोकप्रिय केला होता. या दोन्ही प्रवाहांतून फाइल, एडिट, व्ह्यू अशी ओळ बहुतेक सर्व प्रणालींत स्थिर झाली. आज्ञा पाठ करण्याची गरज उरली नाही. त्या वाचून ओळखता येऊ लागल्या. त्याचबरोबर अनुभवी माणसाला आज्ञेची जागा आणि कळ दोन्ही लक्षात राहू लागल्या. नवशिका व जाणकार या दोघांनाही सांभाळणारा हा एक अलिखित करारच होता.

या करारावर पहिला ताण आला तो आज्ञांच्या वाढत्या संख्येमुळे. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०० आज्ञा होत्या. २००३ च्या आवृत्तीत त्या १५०० च्या पुढे गेल्या होत्या आणि टूलबारांची संख्या तीसच्या घरात पोहोचली होती. या गर्दीवर उपाय म्हणून ऑफिस ९७ मध्ये 'क्लिपी' या नावाने प्रसिद्ध झालेला बोलका सहायक आणला गेला. तो लोकांना मदतीपेक्षा व्यत्ययच अधिक वाटला आणि २००७ च्या आवृत्तीत काढून टाकला गेला. ऑफिस २००० मध्ये स्वतःला बदलणारे मेनू आले. ज्या आज्ञा फारशा वापरल्या जात नाहीत त्या लपवायच्या आणि वापर होईल तशा पुढे आणायच्या, अशी ही कल्पना होती. कागदावर ती वाजवी वाटते. परंतु माणूस मेनूतील आज्ञा जागेवरूनही ओळखतो, हे तिने लक्षात घेतले नाही. स्वयंपाकघरातील डबे कोणी रोज आपल्या समजुतीने हलवू लागला, तर त्याचा हेतू चांगला असूनही स्वयंपाक करणाऱ्याचे काम वाढते, त्यातलाच हा प्रकार होता.

रिबनचे आगमन : दोन्ही बाजू

रिबनच्या निर्मात्यांची बाजू समजून घेतल्याशिवाय या बदलाचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही. ग्राहक नव्या सुविधा म्हणून ज्या गोष्टी मागत, त्यांतील अनेक प्रणालीत आधीच होत्या. फक्त त्या सापडत नव्हत्या, असा मायक्रोसॉफ्टचा अनुभव होता. ज्यांनी संमती दिली अशा वापरकर्त्यांकडून आज्ञांच्या वापराची माहितीही कंपनीने गोळा केली. रिबनच्या रचनेत प्रमुख सहभाग असलेले जेन्सन हॅरिस यांनी २००६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, वर्ड २००३ मधील आज्ञांच्या एकूण वापरापैकी सुमारे ३२ टक्के वापर पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञांचा होता. वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या प्रणालीसाठी घडवलेला मेनू दीड हजार आज्ञांचा भार पेलू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. नव्या माणसाला रिबनमुळे अनेक गोष्टी प्रथमच दृष्टीस पडल्या, हेही मान्य करावे लागेल.

त्याचबरोबर जुने सर्वच टाकून दिले गेले, असे म्हणणेही वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कंट्रोल कळीच्या जोडीने द्यावयाच्या नित्याच्या आज्ञा तशाच राहिल्या. २००३ च्या मेनूसाठी आल्ट कळीने सुरू होणारे क्रम पाठ असलेल्यांसाठी ते क्रम नव्या आवृत्तीतही बहुतांशी चालू ठेवले गेले. ज्यांचे कौशल्य कळफलकावर होते त्यांना काही अंशी संरक्षण मिळाले. ज्यांचे कौशल्य डोळ्यांत आणि माऊसवरच्या हातात होते त्यांना मात्र ते मिळाले नाही, आणि कार्यालयातील बहुसंख्य कर्मचारी याच दुसऱ्या वर्गातील असतात.

नाराजीचे मूळ आणखी एका गोष्टीत होते. जुन्या आवृत्तीत टूलबार आपल्या सोयीने लावता येत. अनेकांनी आपल्या कामाचे टूलबार स्वतः घडवले होते. २००७ च्या आवृत्तीत रिबनची अशी फेररचना करण्याची साधी सोय नव्हती. वरच्या कोपऱ्यातील एका लहान पट्टीपुरतीच मुभा होती. शिवाय फाइल हा मेनू जाऊन त्या जागी केवळ बोधचिन्ह असलेले गोल बटण आले. हे बटण आहे, शोभेचे चिन्ह नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नसे आणि मग छपाईची आज्ञा कोठे आहे, असा प्रश्न पडे. २०१० च्या आवृत्तीत फाइल हा शब्द परत आला आणि रिबनची मांडणी बदलण्याची सोयही देण्यात आली. म्हणजे तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते, हे उत्पादकाच्या कृतीनेच दाखवून दिले. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातील त्रास मात्र ज्याचा त्याने सोसला.

येथे १९८७ आणि २००७ यांची तुलना उद्बोधक ठरते. लोटसच्या व वर्डपरफेक्टच्या ग्राहकांना जवळ करण्यासाठी ज्या कंपनीने खास सोयी केल्या, तिने स्वतःच्या जुन्या ग्राहकांना जुना मेनू निवडण्याचा पर्याय दिला नाही. मधल्या वीस वर्षांत तिचे स्थान आव्हानवीराचे न राहता अधिपतीचे झाले होते. वर्डस्टार २००० वर नाराज झालेला ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत होता. २००७ मधील कार्यालयाला फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी तीच प्रणाली वापरणे बहुधा भागच होते.

मराठी टंकलेखकाचा अनुभव

हा प्रश्न केवळ इंग्रजी प्रणालींपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील मराठी टंकलेखकाला तो अधिक खोलवर भोवला. रेमिंग्टन पद्धतीच्या यंत्रावर अक्षर जसे कागदावर दिसते तसे तुकड्यातुकड्यांनी उमटवले जाई. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकायची, रफार अक्षरानंतर द्यायचा, हा त्या हाताचा क्रम होता. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने उच्चाराचा क्रम स्वीकारला : व्यंजन आधी, वेलांटी नंतर, रफारासाठी र आणि हलन्त आधी. भाषाशास्त्रीय दृष्टीने ही रचना निःसंशय अधिक सुसंगत आहे आणि स्वर एका हाताला, व्यंजने दुसऱ्या हाताला ही तिची विभागणीही शिकायला सोपी आहे. परंतु वीस वर्षे यंत्रावर काम केलेल्या लिपिकाच्या दृष्टीने येथे कळांच्या जागा तर बदलल्याच, शिवाय शब्द हातातून उमटण्याचा क्रमही उलटला.

या प्रश्नाला पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, दिलेले उत्तर लक्षणीय आहे. आय.एस.एम. या तिच्या प्रणालीत इन्स्क्रिप्टबरोबर टंकलेखन यंत्राचा कळफलकही निवडता येत असे. नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट घ्यावा आणि जुन्याने आपल्या वळणाने काम करावे, अशी ही योजना होती. मानक एक आणि हात अनेक, हे शक्य असल्याचा हा पुरावा मानता येईल.

प्रशिक्षणाच्या बाबतीतही असाच विचार संभवतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने राज्यातील लाखो लोकांना ऑफिस प्रणालीची पहिली ओळख करून दिली. ज्याने फी भरून, कामाचे तास सांभाळून विशिष्ट आवृत्तीचे मेनू शिकून घेतले, त्याच्यासाठी नवी आवृत्ती म्हणजे त्या शिक्षणाच्या काही भागाचे अवमूल्यनच होते. जुनी आवृत्ती शिकलेला आणि नवी आवृत्ती शिकलेला असे दोघे एकाच टेबलाशी बसले की वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असलेला कर्मचारी अचानक नवशिका ठरतो. या नाराजीत काही अंशी प्रतिष्ठेचा प्रश्नही गुंतलेला असतो, तो असा.

आक्षेप आणि त्याचा विचार

यावर असा आक्षेप घेता येईल की, जुन्या सवयींना कवटाळल्यास समाज निकृष्ट रचनेत अडकून पडतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये क्वर्टी कळफलकाच्या उदाहरणावरून हेच मांडले होते. १९९० मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी त्या उदाहरणातील पुराव्यांना आव्हान दिले, तरी मूळ शंका विचार करण्याजोगी आहे. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले होते की, काम उरकण्याच्या घाईत असलेला वापरकर्ता नवे शिकण्यासाठी थांबत नाही, मग ते शिकणे पुढे त्याच्या फायद्याचे असले तरी. तेव्हा बदल नकोच, अशी भूमिका घेणे योग्य ठरणार नाही. प्रश्न आहे तो बदलाचा खर्च कोणी उचलायचा आणि बदलाची वेळ कोणी ठरवायची, हा. मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या लिबरऑफिसने २०१७ मध्ये ५.३ या आवृत्तीत रिबनसारखी मांडणी आणली, ती पर्याय म्हणून; जुने मेनू जागेवरच राहिले. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे यातून दिसते.

समारोप

वर्डस्टार ते रिबन या प्रवासातून असे दिसते की, वापरकर्त्याचे हस्तकौशल्य उत्पादकाच्या ताळेबंदात कोठेही नोंदले जात नाही, परंतु उत्पादनाचे यश त्यावरच उभे असते. स्पर्धा असेपर्यंत त्याची कदर झाली; ती कमी झाली तशी कदरही कमी झाली. न्यायालयाने प्रतिस्पर्ध्याला हे कौशल्य जपण्याची मुभा दिली, पण मालकाला तसे करण्यास भाग पाडले नाही.

आज हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. पूर्वी नवी आवृत्ती न घेण्याचे स्वातंत्र्य होते. मार्टिन यांना वर्डस्टार वापरता आले ते या स्वातंत्र्यामुळेच. ऑफिस २००३ वापरत राहिलेल्या कार्यालयांनाही एप्रिल २०१४ मध्ये त्या आवृत्तीचे सुरक्षा-साहाय्य थांबेपर्यंत निर्धास्तपणे ते वापरता आले. २०११ मध्ये ऑफिस ३६५ च्या रूपाने वर्गणीची पद्धत आल्यानंतर बदल खरेदीच्या निर्णयाबरोबर येत नाही. तो चालू कामाच्या मध्येच, एखाद्या सकाळी पडद्यावर येऊन उभा राहतो. नकार देण्याची जागाच आक्रसली आहे.

अशा परिस्थितीत शासकीय कार्यालये, विद्यापीठे आणि महाविद्यालये यांसारख्या मोठ्या खरेदीदारांची जबाबदारी वाढते. सॉफ्टवेअरचा करार करताना किंमत आणि सुविधा यांबरोबरच जुनी मांडणी किती काळ उपलब्ध राहील, बदलाची पूर्वसूचना किती दिवस आधी मिळेल आणि पुनर्प्रशिक्षणाचा खर्च कोण करील, हे प्रश्न लेखी विचारले गेले पाहिजेत. एकट्या लिपिकाची तक्रार ही कुरकुर ठरते; तीच गोष्ट कराराच्या मसुद्यात अट म्हणून आली तर उत्पादकाला तिचा विचार करावा लागेल.